लॅपटॉप ‘झोपतो’ म्हणजे नेमके काय करतो? स्लीप, हायबरनेट आणि त्यांच्यामधल्या अवस्था

निवांत

गेल्या महिन्यात मी नवा लॅपटॉप घेतला. पहिल्याच रात्री ११ वाजता झाकण लावले तेव्हा बॅटरी ८४ टक्के होती आणि सकाळी ७ वाजता उघडले तेव्हा ६६. एखाद्या रात्रीचा अपवाद असेल असे समजून पुढच्या पाच रात्री मी वहीत नोंदी ठेवल्या. उतार दर वेळी १५ ते १९ टक्क्यांच्या दरम्यानच राहिला. माझा २०१४ सालचा जुना लॅपटॉप शुक्रवारी संध्याकाळी बंद करून सोमवारी सकाळी उघडला, तरी चार-पाच टक्क्यांहून जास्त उतरत नसे.

दोन्ही यंत्रांच्या मेनूत शब्द एकच आहे: ‘स्लीप’. या एकाच शब्दाखाली दोन वेगळ्या अवस्था दडल्या आहेत का, आणि आपले यंत्र त्यांपैकी कोणत्या अवस्थेत जाते हे घरच्या घरी कसे ओळखावे, हे मला समजून घ्यायचे आहे. मी मुख्यतः विंडोज ११ वापरतो आणि डिस्कच्या एका विभाजनावर लिनक्सही आहे. जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

दीपमाळ

निवांत, तुमची शंका रास्त आहे आणि उत्तर ‘हो’ असे आहे. एका शब्दाखाली दोनच नव्हे, तर त्याहून अधिक अवस्था आहेत.

या सगळ्याचा पाया एसीपीआय या वीज-व्यवस्थापनाच्या मानकात आहे. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी ते डिसेंबर १९९६ मध्ये प्रसिद्ध केले आणि २०१३ पासून त्याची देखरेख यूईएफआय फोरमकडे आहे. त्याआधीच्या एपीएम पद्धतीत झोपण्या-उठण्याचा बराचसा कारभार बायोस, म्हणजे यंत्राच्या मुख्य फलकावरचा मूळ प्रोग्राम, पाहत असे. एसीपीआयने तो कारभार ऑपरेटिंग सिस्टीमच्या हाती दिला आणि तिला बोलता यावे म्हणून अवस्थांना नावे दिली. एस-० म्हणजे जागृत यंत्र आणि एस-५ म्हणजे बंद केलेले यंत्र. मधल्या चारपैकी एस-१ मध्ये प्रोसेसर थांबतो, पण त्याची वीज चालूच राहते. एस-२ प्रत्यक्षात फारसे कोणी वापरलेच नाही. त्यामुळे सामान्य वापरकर्त्याशी संबंध येतो तो एस-३ आणि एस-४ या दोघांचाच.

एस-३ मध्ये प्रोसेसरची वीज तोडली जाते, त्याच्या पोटातील सगळी स्थिती पुसली जाते, डिस्क आणि पडदा बंद होतात, आणि जिवंत राहते ती जवळजवळ एकटी रॅम, म्हणजे चालू कामाची तात्पुरती स्मृती. रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे एका अतिसूक्ष्म कपॅसिटरमधला विद्युतभार असतो आणि तो सतत गळत असतो. म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांत प्रत्येक ओळ वाचून पुन्हा भरावी लागते. एरवी हे काम प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर करून घेतो, पण एस-३ मध्ये जाताना ‘आता तुमचे तुम्ही सांभाळा’ असे चिपना सांगितले जाते आणि त्या स्वतःच्या बळावर भरणी चालू ठेवतात. तुमचा जुना लॅपटॉप तीन दिवस टिकत होता तो या काटकसरीवर. एस-४ म्हणजे हायबरनेट. त्यात रॅममधला मजकूर डिस्कवर लिहून यंत्र जवळपास पूर्ण बंद केले जाते.

नवा लॅपटॉप बहुधा एस-३ मध्ये जातच नसेल. विंडोज ८ बरोबर २०१२ मध्ये ‘कनेक्टेड स्टँडबाय’ आले आणि विंडोज १० पासून त्याच कल्पनेचा विस्तार ‘मॉडर्न स्टँडबाय’ या नावाने ओळखला जातो. यात पडदा काळा होतो, प्रोग्राम थांबवले जातात, पण एसीपीआयच्या हिशेबाने यंत्र एस-० मध्येच असते. म्हणजे ते जागेच असते, फक्त अत्यंत निष्क्रिय. या निष्क्रियतेच्या खोल पायऱ्यांना एस-०-आय-एक्स म्हणतात.

गुलबक्षी

दीपमाळ, तुम्ही जे वर्णन केले त्याला आपल्याकडे शब्द आहे: सावध झोप. माझी आजी अशी झोपत असे. मांजराने ओट्यावरच्या भांड्याला नुसते नाक लावले तरी ती अंधारातून ‘हाड’ म्हणत असे, आणि आम्ही मुले मात्र छपरावर पाऊस कोसळत असताना गाढ झोपलेली असायचो. एस-३ ला गाढ झोप आणि एस-० मधल्या या प्रकाराला सावध झोप म्हटले, तर मला वाटते कोणालाही लगेच कळेल. हायबरनेटला शीतनिद्रा हा शब्द रूढ आहेच.

कातळशिल्प

सावध झोप नव्हे, हे झोपेचे सोंग आहे. झोपलेल्याला जागे करता येते, सोंग घेतलेल्याला नाही. आणि रात्रीत १८ टक्के बॅटरी खाणारे यंत्र झोपले होते असे मी तरी म्हणणार नाही.

आडवाट

कातळशिल्प, मी असहमत आहे. मी काही वर्षे फर्मवेअरच्या, म्हणजे यंत्राच्या चिपमध्येच भरलेल्या प्रोग्रामच्या, चाचणीचे काम केले आहे आणि या नव्या पद्धतीवर सरसकट फुली मारणे मला अन्यायाचे वाटते.

आपल्या खिशातला फोन दिवसभर हेच करतो. पडदा मावळला की त्याचे बहुतेक भाग वीज सोडून देतात, निरोप आला की क्षणभर जाग येते आणि पुन्हा सामसूम होते. त्यासाठी आपण फोनला नावे ठेवत नाही. लॅपटॉपमध्येही सगळे घटक नीट निजले, तर एस-०-आय-एक्सच्या सर्वांत खोल पायरीवर होणारा खर्च एस-३ च्या जवळपास येऊ शकतो. मी स्वतः असे लॅपटॉप मोजले आहेत, जे आठ तासांत दोन-तीन टक्के उतरले.

अडचण ‘सगळे घटक’ या दोन शब्दांत आहे. एस-३ मध्ये फर्मवेअर बहुतेक भागांची वीज एका फटक्यात तोडते, त्यामुळे एखादा हट्टी घटक असला तरी त्याचा नाइलाज होतो. एस-० मध्ये तसा फटका नाही. प्रत्येक घटकाने, म्हणजे वायफाय, एनव्हीएमई डिस्क, कार्ड रीडर, यूएसबी, आवाजाची चिप अशा प्रत्येकाने, आपापल्या ड्रायव्हरच्या (त्या घटकाला चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) सांगण्यावरून आपापल्या निद्रावस्थेत जायचे असते. त्या अवस्थांना डी-० ते डी-३ अशी नावे आहेत. जोवर शेवटचा घटक खाली जात नाही, तोवर पूर्ण यंत्र खोल पायरीवर उतरत नाही. लग्नघरी रात्री सगळे आडवे झालेले असताना माजघरात एक जण दिवा लावून हिशेब करत बसला, तर इतरांच्या डोळ्यांवरचा उजेड जात नाही, तसे हे आहे. निवांत यांच्या यंत्रात असा एक कोणीतरी दिवा लावून बसला असावा, असा माझा कयास आहे.

दीपमाळ

आडवाट, तुमचा मुद्दा मान्य आहे. फक्त एक भर घालतो. गाढ झोपेचा गुण असा होता की ती ड्रायव्हरच्या चांगुलपणावर इतकी अवलंबून नव्हती. सावध झोपेत प्रत्येक उत्पादकाच्या प्रत्येक ड्रायव्हरने शिस्त पाळावी लागते आणि ती न पाळल्याचा भुर्दंड ग्राहकाच्या बॅटरीला बसतो. पद्धत चांगली असली, तरी तिची चाचणी कोणी आणि किती केली हा प्रश्न उरतोच.

आता निवांत यांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. अंदाज बांधण्यापेक्षा यंत्रालाच विचारावे. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘पॉवरसीएफजी’ या आज्ञेला तिरकी रेघ आणि ‘ए’ जोडून द्या. उपलब्ध अवस्था वर येतात, अनुपलब्ध अवस्था खाली, आणि प्रत्येक अनुपलब्ध अवस्थेचे कारणही दिलेले असते. त्यानंतर प्रशासक म्हणून हीच आज्ञा ‘स्लीपस्टडी’ हा शब्द जोडून चालवा. ब्राउझरमध्ये उघडता येईल असा अहवाल तयार होतो. त्यात प्रत्येक निद्रासत्राचा कालावधी, बॅटरीचा खर्च आणि त्या सत्रातला किती टक्के वेळ यंत्र सर्वांत खोल पायरीवर होते, हे दिसते. आडवाट यांचा दिवा लावून बसलेला इसमही बहुतेक वेळा तिथेच सापडतो.

लिनक्समध्ये ‘सिस’ फोल्डरच्या आत ‘पॉवर’ आणि त्यात ‘मेम_स्लीप’ नावाची फाइल आहे. ती वाचली की ‘एस-टू-आयडल’ आणि ‘डीप’ असे शब्द दिसतात आणि सध्या निवडलेला शब्द चौकटी कंसात असतो. ‘डीप’ म्हणजे एस-३ आणि ‘एस-टू-आयडल’ म्हणजे सावध झोप. ही फाइल कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याच्या) ४.१० आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ पासून आहे.

सह्याद्रीपुत्री

माझा अनुभव मांडते. सिंहगड एक्सप्रेसने पुण्याहून मुंबईला जाताना लॅपटॉप झाकण लावून पाठपिशवीत ठेवला होता. कर्जत मागे पडल्यावर पाण्याची बाटली काढायला हात घातला, तर पिशवीची आतली बाजू ऊन लागल्यासारखी गरम होती आणि पंख्याचा आवाज कापडातून ऐकू येत होता. लॅपटॉपचा तळ हातात धरवेना.

घरी येऊन ‘पॉवरसीएफजी’ला ‘लास्टवेक’ जोडून विचारले, तेव्हा यूएसबीचे नाव आले. मग उलगडा झाला. बिनतारी माउसचा इवलासा रिसीव्हर खाचेतच राहिला होता आणि माउस त्याच पिशवीत, त्याचे बटण चालू ठेवून. गाडीचा प्रत्येक हिसका माउसला हलवत होता आणि माउस लॅपटॉपला उठवत होता. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या माउसच्या पॉवर मॅनेजमेंटच्या पानावर ‘या साधनाला संगणक जागा करू द्या’ अशा अर्थाची खूण आहे, ती काढली. त्या दिवसापासून पिशवी गार आहे.

आडवाट

सह्याद्रीपुत्री, उत्तम शोध. मात्र याचा दोष एकट्या सावध झोपेला देता येणार नाही. माउस किंवा कीबोर्डने उठवण्याची सोय एस-३ मध्येही असते. तेव्हा ‘किती गाढ झोपला’ आणि ‘कोणाच्या हाकेला उठतो’ हे दोन प्रश्न वेगवेगळे ठेवलेले बरे.

ओसरी

मी लॅपटॉप वापरत नाही, पण या चर्चेला डेस्कटॉपची बाजूही आहे. आमच्या गावी भारनियमनाच्या काळात वीज कधी जाईल याचा भरवसा नसे. संगणकाला स्लीपमध्ये ठेवून जेवायला उठावे आणि वीज जावी, की रॅममधले सगळे गेले. दीपमाळ यांनी सांगितलेली ती दर ६४ मिलिसेकंदांची भरणी थांबली, की मागे काही उरत नाही. पतसंस्थेच्या ताळेबंदाची तीन तासांची नोंद माझी अशीच गेली आहे.

त्यावरचा उपाय म्हणजे हायब्रिड स्लीप. यात रॅममधला मजकूर आधी डिस्कवर लिहून ठेवला जातो आणि मग यंत्र एस-३ मध्ये जाते. वीज टिकली तर दोन सेकंदांत जाग येते, आणि वीज गेली तर डिस्कवरच्या प्रतीवरून जसेच्या तसे सगळे परत मिळते. विंडोज व्हिस्टापासून ही सोय आहे आणि लिनक्समध्येही ‘सिस्टिमसीटीएल’ या आज्ञेला ‘हायब्रिड-स्लीप’ सांगितले की हेच होते. घरात इन्व्हर्टर नसलेल्या प्रत्येक डेस्कटॉपधारकाने ती चालू आहे की नाही हे आजच तपासावे, असे मी कळकळीने सांगेन.

गुलबक्षी

ओसरी, म्हणजे झोपण्यापूर्वी मृत्युपत्र करून उशीखाली ठेवण्यासारखे झाले. सावधगिरी पटली.

पाणंद

एक शंका विचारतो. रोज हायबरनेट केल्याने एसएसडी लवकर झिजते असे ऐकले आहे. ते खरे आहे का?

दीपमाळ

पाणंद, हिशेब मांडू. समजा १६ जीबी रॅम आहे आणि प्रत्येक वेळी ६ जीबी लिहिले जाते. विंडोजची हायबरनेट फाइल मूलतः रॅमच्या ४० टक्के आकाराची असते आणि लिनक्सही प्रतिमा रॅमच्या दोन पंचमांशांत बसवण्याचा प्रयत्न करते, तेव्हा हा आकडा वाजवी आहे. दिवसातून दोनदा म्हणजे १२ जीबी, वर्षाला सुमारे ४.४ टीबी. ५०० जीबीच्या अनेक एसएसडींची हमी ३०० टीबी लेखनाच्या आसपास असते. नुसत्या हायबरनेटने ती संपवायला साठाहून अधिक वर्षे लागतील. ही भीती मनातून काढून टाकायला हरकत नाही.

तिठा

चर्चेत ‘शट डाऊन’चा उल्लेख आला नाही, म्हणून लिहितो. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आहे. ती चालू असताना शट डाऊन केले, की वापरकर्त्याचे सत्र बंद होते, पण कर्नलचे सत्र हायबरनेट होऊन डिस्कवर लिहिले जाते. म्हणजे आपण बंद केले असे समजतो ते यंत्र अर्धे शीतनिद्रेत असते. ‘रीस्टार्ट’ मात्र खरोखर सगळे नव्याने सुरू करते. बिघाड झाल्यावर ‘बंद करून चालू केले तरी फरक नाही, रीस्टार्ट केल्यावर सुटले’ असा जो अनुभव येतो, त्याचे मूळ अनेकदा इथे असते.

निवांत यांच्याकडे लिनक्सही आहे, म्हणून त्यांना हे विशेष महत्त्वाचे आहे. विंडोज असे अर्धवट निजलेले असताना लिनक्समधून त्याचे एनटीएफएस (विंडोजच्या फाइलव्यवस्थेचे) विभाजन उघडले, तर ते फक्त वाचण्यापुरते मिळते किंवा मिळतच नाही. हा अडथळा योग्यच आहे, कारण निजलेल्या विंडोजच्या स्मृतीत त्या विभाजनाचे जुने चित्र असते आणि मध्येच कोणी तिथे लिहिले तर फाइलव्यवस्था बिघडू शकते. जबरदस्तीने लिहिण्याची परवानगी मिळवण्याचे मार्ग आंतरजालावर सापडतात. कृपया त्या वाटेला जाऊ नका. फास्ट स्टार्टअप बंद करणे हा सरळ उपाय आहे.

वाळवण

सुरक्षेचा एक मुद्दा राहिला आहे. मी वकिली कार्यालयात संगणकांची व्यवस्था पाहते, त्यामुळे आमच्यासाठी तो बॅटरीहून मोठा आहे. संपूर्ण डिस्क कूटबद्ध केलेली असली, तरी यंत्र चालू असताना तिची किल्ली रॅममध्ये असते. गाढ झोपेत रॅम जिवंत, म्हणून किल्लीही जिवंत. सावध झोपेतही तेच. २००८ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधकांनी दाखवून दिले की वीज तोडल्यावरही रॅममधला मजकूर काही सेकंद टिकतो, चिप थंड केल्यास अधिक काळ टिकतो, आणि त्यातून किल्ली काढता येते. म्हणून अशिलांची कागदपत्रे असलेले लॅपटॉप न्यायालयातून नेताना-आणताना झोपवायचे नाहीत, हायबरनेट करायचे किंवा बंद करायचे, असा आमचा नियम आहे.

लिनक्स वापरणाऱ्यांनी मात्र आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सिक्युअर बूट, म्हणजे फक्त प्रमाणित प्रणालीच सुरू होऊ देणारी सोय, चालू असेल तर लिनक्सच्या अनेक वितरणांत कर्नलवर ‘लॉकडाऊन’ नावाचे निर्बंध लागू होतात आणि हायबरनेटला मज्जाव होतो. फेडोराने २०२० मध्ये, ३३ व्या आवृत्तीपासून, रॅममधलाच झी-रॅम स्वॅप (स्वॅप म्हणजे रॅमला पूरक साठवणीची जागा) मूळ म्हणून स्वीकारला. तिथे शीतनिद्रेची प्रतिमा ठेवता येत नाही, कारण वीज गेली की तो स्वॅपही जातो. डिस्कवर वेगळा स्वॅप करावा लागतो.

कातळशिल्प

वाळवण यांचा प्रतिसाद वाचून मॅकबद्दल सांगावेसे वाटले. टर्मिनलमध्ये ‘पीएमसेट’ला ‘उणे जी’ जोडून दिले की ‘हायबरनेटमोड’चा आकडा दिसतो. ० म्हणजे नुसती झोप, ३ म्हणजे रॅम जिवंत ठेवून शिवाय डिस्कवर प्रत, आणि २५ म्हणजे डिस्कवर लिहून रॅमची वीज तोडणे. इंटेलच्या मॅकबुकमध्ये मूळ आकडा ३ असे, म्हणजे ओसरी यांनी सांगितलेली हायब्रिड झोपच.

निवांत

सर्वांचे मनापासून आभार. दीपमाळ यांच्या सांगण्यानुसार आठवडाभर तपासणी केली, तिचा वृत्तांत देतो.

पहिल्या आज्ञेचे उत्तर अपेक्षेप्रमाणेच आले. वरच्या भागात ‘स्टँडबाय, एस-० लो पॉवर आयडल, नेटवर्क कनेक्टेड’ आणि त्याखाली हायबरनेट होते. एस-३ खालच्या यादीत होते आणि कारण असे, की फर्मवेअरच या अवस्थेला पाठिंबा देत नाही. म्हणजे माझा जुना लॅपटॉप आणि नवा लॅपटॉप खरोखर वेगवेगळ्या झोपा घेतात.

स्लीपस्टडीच्या अहवालात १८ टक्के उतरलेल्या रात्री यंत्र खोल पायरीवर अवघा ३१ टक्के वेळ होते आणि अडवणाऱ्यांच्या यादीत सर्वांत वर कार्ड रीडर होता. तेव्हा आठवले, की कॅमेऱ्याचे एसडी कार्ड पहिल्या दिवसापासून खाचेत तसेच आहे. ते काढले. त्या रात्री ८४ वरून ८१, दुसऱ्या रात्री ७९ वरून ७६. खोल पायरीवरचा वेळ ९० टक्क्यांच्या पुढे गेला. आडवाट यांचा माजघरातला माणूस तोच होता.

त्याखेरीज, झाकण लावल्यावर दोन तासांनी हायबरनेट व्हावे अशी मांडणी केली आहे आणि फास्ट स्टार्टअप बंद केले आहे. आता एकच शंका उरली. लिनक्समधल्या त्या फाइलीत मला फक्त ‘एस-टू-आयडल’ दिसते, ‘डीप’ दिसतच नाही. कर्नलला ‘मेम_स्लीप_डिफॉल्ट’ हा घटक ‘डीप’ असा दिला, तर काम होईल का?

आडवाट

निवांत, तुमच्या यंत्रात होणार नाही. यादीत ‘डीप’ असेल, पण निवडलेला नसेल, तरच त्या घटकाचा उपयोग होतो. विंडोजने जे कारण दिले तेच इथेही लागू आहे. फर्मवेअर जी अवस्था देऊ करत नाही, ती कर्नलला मागून मिळत नाही. एकदा बायोसच्या पॉवर विभागात डोकावून पाहा. काही लॅपटॉपमध्ये तिथे निद्राप्रकार निवडण्याची सोय असते आणि तिथे बदल केला की यादीत ‘डीप’ येते. ती सोय नसेल तर लिनक्समध्ये ‘सस्पेंड-देन-हायबरनेट’ लावा. तुम्ही विंडोजमध्ये केले तेच ते करते, आणि ‘हायबरनेट-डिले-सेक’मध्ये दोन तासांची मुदत घालता येते. स्वॅप डिस्कवर आहे ना, तेवढे आधी पाहा.

निवांत

बायोसमध्ये तशी सोय नाही, आताच पाहिले. स्वॅप डिस्कवर आहे आणि १६ जीबीचा आहे. आज रात्री लिनक्समध्ये मुदत लावून झाकण लावतो आणि सकाळचा आकडा इथे लिहितो.